चौदा झिरो

परिपत्रक क्रमांक नऊ स्वयंपाकघराच्या दाराला चिकटलं तेव्हा खळ अजून ओली होती आणि स्टोव्हवरचा चहा उतू जायच्या बेतात होता. चांगुणाने आधी चहा उतरवला, मग पदराला हात पुसत कागद वाचला.

‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, ताज्या बिलात झालेल्या दुप्पट वाढीची चौकशी आज रविवारी सकाळी ठीक साडेआठ वाजता पुढच्या खोलीत होईल. मागच्या पडवीतील साठ वॅटचा दिवा हा प्रथमदर्शनी दोषी दिसतो. संबंधितांनी वेळेवर हजर राहावे.’

खाली सासऱ्यांची सही, सहीखाली तारीख आणि तारखेवर शिक्का. ‘स. रा. पगारे, रिटायर्ड रेकॉर्ड कीपर’ असा तो शिक्का त्यांनी नाशकाच्या मेनरोडवरून स्वखर्चाने करून घेतला होता. नाव न घेता माणूस दाखवायची सरकारी भाषेची सोय मोठी असते. पडवीत दिवा लावणारी संबंधित या घरात एकच होती आणि ती आत्ता चहा गाळत होती.

सहादू पगारे बत्तीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून घरी आले. यशोदाबाई होत्या तोवर त्यांचं घरात काही चालत नसे. घराचा कारभार बिनकागदी होता आणि तो बरा चालला होता. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात यशोदाबाई गेल्या आणि सहादूंच्या हाती एकदम सगळी सत्ता आली. पण कारभार करायचा कशावर? मुलं कमावती, सुना कामाच्या. शेवटी दाराजवळच्या कोनाड्यातला मीटर त्यांना सापडला. काळं डबडं, काचेमागे आडवी फिरणारी चकती आणि चकतीच्या कडेवर एक काळी खूण. शेजारची माणसं सकाळी पेपर वाचत, सहादू स्टूल टाकून मीटर वाचत. वाचायला त्यांना बॅटरी लागे, आणि बॅटरीचे सेल विजेच्या बिलात येत नाहीत म्हणून ती ते सढळ हाताने वापरत.

मग परिपत्रकं सुरू झाली. क्रमांक एकने इस्त्री गेली. धाकटा फकिरा द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून. तो गादीखाली दाबलेले शर्ट घालून जाऊ लागला आणि त्याच्या पाठीवर बाजेच्या काथ्याचे वळ उमटू लागले. क्रमांक चारने रेडिओ बातम्यांपुरता उरला. क्रमांक सहाने घरातले सगळे शंभरचे, साठचे आणि चाळीसचे दिवे उतरले. प्रत्येक दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत गेला आणि ट्रंकेची किल्ली सहादूंच्या करगोट्याला गेली.

क्रमांक सात मात्र सहादूंच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संशोधन होतं. यशोदाबाईंच्या पुण्यतिथीला त्यांनी तिच्या फोटोपुढे एक लाल झिरोचा, म्हणजे रात्रीचा मिणमिणता दिवा लावला. घरातलं बाकी सगळं बंद केलं आणि अर्धा तास चकतीकडे पाहत बसले. चकती हलली नाही. मीटर जुना, चकती जड, हे ज्याला सुचायचं त्याला सुचलं असतं. सहादूंना सुचलं ते असं की झिरो म्हणजे झिरो, सरकार उगाच नाव देत नाही. दुसऱ्याच दिवशी ते रविवार कारंजावरून आणखी तेरा झिरो घेऊन आले, लाल, हिरवे आणि निळे.

आणि फुकटच आहेत म्हटल्यावर लावायचे कुठे, हा प्रश्नच उरला नाही. खोल्यांत लागले, जिन्यात लागले, मोरीत लागले, संडासात लागले, एक दाराबाहेरच्या पेरूच्या झाडालाही लागला. शिवाय ‘वारंवार दाबल्याने बटण झिजते’ असं क्रमांक आठमध्ये आल्यामुळे ते दिवसरात्र चालू राहिले. पुढची खोली लाल, स्वयंपाकघर निळं, मोरी हिरवी. चहा कोणता आणि आमटी कोणती हे वासावरून ओळखायचं. मोरीतून बाहेर येणारा माणूस आत जातानापेक्षा जास्त आजारी दिसे. चांगुणाने एकदा निळ्या उजेडात तांदूळ निवडले, तर जेवताना फकिराच्या दातांखाली रस्त्याची खडीच आली. घरात एवढे दिवे आणि सुईत दोरा ओवायला मात्र अंगणात जायचं, अशी पगाऱ्यांच्या घराची काल शनिवारपर्यंतची प्रगती होती. आधीची दोन-तीन बिलं अंदाजाने निघाली होती; काल मीटर वाचून काढलेलं बिल आलं.

साडेआठला सगळे लाल उजेडात बसले. सहादू खुर्चीवर, मांडीवर बिल. थोरला निवृत्ती, म्हणजे चांगुणाचा नवरा, भिंतीला टेकून काडीने कान कोरत होता. अंबडच्या कारखान्यात तो मशीनशी बोलेल तेवढंच, घरी ते पण नाही. फकिरा आणि त्याची बायको वत्सला चटईवर. आणि मधोमध पंच म्हणून सहादूंची थोरली बहीण नवसाबाई. ती परवा सटाण्याहून कांद्याची गोण घेऊन एसटीने आली होती आणि आल्या आल्या जिन्यातल्या निळ्या उजेडात ठेचकाळली होती. पायाच्या अंगठ्याला हळदीची चिंधी होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुना घरमा दिवसाबी दिवा आन तरीबी अंधार, हाई कसं काय शे? मना अंगठा फुटना.”

“अक्का, ते बचतीचं आहे. तुला नाही कळायचं,” सहादू म्हणाले. “विषय वेगळा आहे. बिल दुप्पट आलंय. घरात झिरो सोडून एकच दिवा आहे. साठचा. माझ्या परवानगीशिवाय आलेला. तो कोणी आणला, इथपासून सुरुवात करू.”

निवृत्तीची काडी कानातच थांबली. दिवा त्यानेच आणला होता, जेवणाच्या डब्यात पोळीच्या घडीत लपवून. चांगुणाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि छताकडे पाहण्यात निवृत्ती आता चांगला तरबेज झाला होता.

“मी आणला,” चांगुणा म्हणाली.

दिवा होता कोंबडीच्या पिल्लांसाठी. भाऊबीजेला भावाने दिलेले पैसे तिने कोणाला न सांगता ठेवले होते. त्यातून मंगळवारी एक दिवसाची पन्नास पिल्लं आणली. द्राक्षाची मोठी पेटी, तळाला भाताचं तूस आणि वर टांगलेला साठचा दिवा. नाशकातली जानेवारीची थंडी माणसाला सोसत नाही, तिथे पिसं न फुटलेल्या पिल्लांचं काय. त्यांना तीन आठवडे ऊब पाहिजे, ती मिळाली की पुढे ती आपली आपण जगतात, अंडी देतात. बारा वर्षांत या घरात चांगुणाचं स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. साबणापासून बांगड्यांपर्यंत दर वेळी कोणापुढे तरी हात पसरायचा. आता तिचं असं काही होतं आणि तेही एक-दोन नव्हे, पन्नास. दिवा गेला तर पिल्लं उद्याची सकाळ पाहणार नव्हती, हे तिला चांगलं माहीत होतं.

“म्हणजे कबूल,” सहादूंनी बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं.

“कबूल. पण मामा, पिल्लं मंगळवारी आली. बिल डिसेंबरपर्यंतचं आहे. मंगळवारच्या दिव्याने डिसेंबरची वीज कशी खाल्ली?”

हा मुद्दा तसा कोणालाही पटण्यासारखा होता. पण सहादूंनी बत्तीस वर्षं सरकारात काढली होती.

“तुझी तयारी आधीपासून चालू असणार,” ते म्हणाले.

“पेटी खाते का वीज, मामा? की तूस?”

“उलट उत्तर नको.”

“आण्णांचं बरोबर आहे, वहिनी,” फकिरा वडिलांची बाजू घेत म्हणाला. आण्णांचं बरोबर आहे असं म्हटल्यावर संध्याकाळची गाणी परत मिळतील, असा त्याचा हिशेब होता. “सगळ्यांनी सोसायचं आणि एकाने साठचा लावायचा, हे काही बरोबर नाही.”

“माझी इस्त्री नेली तेव्हा कोणी चौकशी केली नाही,” वत्सलाने नाकाने सूर ओढला. “ताईंच्या कोंबड्यांना उजेड आणि आम्ही मोरीत चाचपडायचं. परवा मी टूथपेस्ट समजून अंगाला लावायचं मलम तोंडात घातलं.”

“ते मला माहीत आहे,” फकिरा म्हणाला. “दिवसभर तू बोलली नव्हतीस.”

“तुम्ही काय म्हणता?” चांगुणाने सरळ नवऱ्याला विचारलं.

निवृत्तीने काडी काढून पाहिली. “आण्णा ठरवतील ते,” तो म्हणाला.

नवसाबाईने मान डोलावली. बहीण झाली तरी माहेरचा कर्ता पुरुष भाऊ, तिचा कल उघड होता. “पोरी, तुना सासरा म्हातारा शे. त्यानं ऐक. पिल्लं काय, आखो इथीन.”

पुन्हा येतील म्हणे. चांगुणाला एकदम रडू यायला लागलं आणि त्याचाच तिला राग आला. चार विरुद्ध एक, आणि एक छताकडे.

“ठीक आहे,” ती उठली. “दिवा मी स्वतः बंद करते, आत्ता. तुम्ही मीटरपुढे बसा. चकती थांबली तर पिल्लं आजच ज्याला पाहिजे त्याला देऊन टाकीन, पुन्हा नाव काढणार नाही. नाही थांबली, तर ट्रंकेची किल्ली द्यायची.”

सहादूंना हे आवडलं. चौकशी, पुरावा, पंचनामा, सगळं रीतसर होत होतं. “मान्य,” ते म्हणाले आणि बॅटरी घेऊन स्टुलावर बसले.

पडवीत पिल्लं दिव्याखाली पसरून दाणे टिपत होती. चांगुणाने बटण बंद केलं, पेटीवर गोणपाट टाकलं. दोन मिनिटांचं काम, ती मनात म्हणाली. परत आली तेव्हा सगळे मीटरभोवती दाटीने उभे होते आणि सहादूंच्या बॅटरीचा झोत काचेवर होता.

काळी खूण आली आणि गेली. परत आली आणि गेली.

“हाई चाक त चालूच शे!” नवसाबाई म्हणाली.

“आता थांबेल,” सहादू म्हणाले. “वेगात असतं, थांबायला वेळ लागतो.”

थांबले सगळे. चकतीला थांबायची घाई दिसली नाही. सहादूंनी काचेवर बोटाने टकटक केलं. मग ते म्हणाले, रेडिओ चालू असेल. रेडिओ बंद होता. मग म्हणाले, शेजारच्यांनी तार जोडली असेल. फकिराला बाहेर पाठवलं. त्याने भिंतीला प्रदक्षिणा घातली, पेरूच्या झाडाखाली उभं राहून वर पाहिलं आणि परत आला. तार बीर काही नव्हती. मग वत्सलाच्या इस्त्रीची चौकशी झाली. ती ट्रंकेत होती आणि किल्ली त्यांच्याच कमरेला. एवढ्यात पाव तास गेला. मागून पिल्लांचा आवाज वाढला होता, आता तो चिरका होऊन एकदम बारीक झाला. चांगुणाचा जीव तिकडे होता, पण इथून हलली असती तर चौकशीच उधळली गेली असती.

“मग घरात चालू तरी काय आहे?” फकिराने विचारलं.

सगळ्यांच्या माना हळूहळू वर गेल्या. डोक्यावरचा लाल दिवा पाच महिने जळत होता तसाच निमूटपणे जळत होता.

“ते झिरो आहेत,” सहादू म्हणाले.

“तेबी बंद कर,” नवसाबाई म्हणाली.

“अक्का, झिरोला वीज लागत नाही. मी प्रयोग केलाय.”

“मंग बंद कराले काय व्हस? बटन झिजी?”

वत्सला खुदकन हसली. हसली ती हसली, आणि त्याच क्षणी पक्ष बदलून कामालाही लागली. “पुढची खोली बंद!” तिने बटण दाबलं. फकिराला संध्याकाळची गाणी आता दुसऱ्या बाजूला दिसू लागली असावीत, कारण तो जिन्याकडे पळाला. “जिना बंद!” “मोरी बंद!” “माडी बंद! इथे तर दोन आहेत, दोन्ही बंद!” घरभर हाळ्या उठल्या. एकेक हाळी आली की चकती थोडी मंदावे. सहादूंनी झोत काचेच्या आणखी जवळ नेला.

“कितला दिवा शेतस रे तुना घरमा?” नवसाबाईने विचारलं.

“चौदा,” निवृत्ती म्हणाला. “एक दिवा साधारण पंधरा वॅट खातो. चौदाचे दोनशे दहा, चोवीस तास. आमचा वायरमन म्हणाला होता.”

सगळे त्याच्याकडे वळले. चांगुणाला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“कधी म्हणाला होता?”

“दिवाळीच्या आधी.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“आण्णांनी मला विचारलं कुठे?” निवृत्ती म्हणाला आणि काडी पुन्हा कानात घातली.

पेरूच्या झाडाचा तेरावा दिवा विझला. चौदावा, यशोदाबाईंच्या फोटोपुढचा, तेवढा राहिला. त्याच्या बटणाला कोणी हात लावला नाही. झोतात काळी खूण समोर येऊन उभी राहिली आणि तिथेच राहिली.

“थांबली!” फकिरा ओरडला.

“बघा,” सहादू म्हणाले. “एक लावला तर हलत नाही. मी पाहिलं होतं. खोटं नव्हतं ते.”

वत्सला आणि फकिरा पोट धरून हसत होते. नवसाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. आता कल बदलून ती “सून शहानी शे, भाऊ, सून शहानी शे,” असं म्हणत होती. त्या गोंधळात मीटरच्या सर्वांत जवळ चांगुणा होती. तिने काचेला डोळा लावून पाहिलं. खूण थांबली नव्हती. तिळभर पुढे सरकली होती.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की मागून आवाज येत नाही.

ती धावली. गोणपाट ओढलं, बटण दाबलं. पेटीच्या एका कोपऱ्यात सगळी पिल्लं एकमेकांवर चढून ढीग झाली होती. ऊब शोधत थंडीत ती अशीच करतात. तिने दोन्ही हातांनी ढीग मोकळा केला. एकेक पिल्लू दिव्याखाली ठेवलं. ती डुलली, अडखळली, मग एकेकाने चोच उघडली. खालचं एक मात्र उठलं नाही. चपटं झालं होतं. तिने ते तळहातावर घेऊन फुंकर घातली, पोटाशी धरलं, पुन्हा दिव्याखाली धरलं. मान लुळी पडली होती. चांगुणा मटकन खाली बसली आणि आता मात्र रडली, कोणाची भीड न ठेवता.

पुढच्या खोलीतलं हसणं हळूहळू थांबलं. कोणी आलं नाही. बराच वेळ गेल्यावर दारात पावलं वाजली. सहादू होते. हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं.

“गेलं?”

“हो.”

ते तिथेच उभे राहिले. बिलाचा कागद खिशातून डोकावत होता. ट्रंकेची किल्ली त्यांनी पेटीच्या कडेवर ठेवली. पैज हरली म्हणून ठेवली की आणखी कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मग त्यांनी पुरचुंडी सोडली. आत शंभरचा दिवा होता.

“हा लाव. साठने भागायचं नाही, थंडी वाढणार म्हणे.” त्यांनी दिवा तिच्यापुढे धरला. “उद्या दहावं परिपत्रक काढतो. हा दिवा कोणी बंद करायचा नाही.”

“बरं, मामा.”

तरीही ते गेले नाहीत. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. हुकूम सोडायची सवय लागलेल्या माणसाला विचारणं अवघड जातं.

“ते तेरा मी काढतो,” ते शेवटी म्हणाले. “पण यशोदेपुढचा तो एक... तो राहू देऊ का? रात्री जाग आली की दिसतो.” ते पेटीकडे पाहत होते, तिच्याकडे नाही. “एकटा असला तर चकती हलत नाही. तू जवळून बघत होतीस. हलली का?”

चांगुणाने डोळे पुसले. मेलेलं पिल्लू पदरात गुंडाळलं.

“नाही मामा,” ती म्हणाली. “तिळभरही नाही.”